सिस्टर, सॉरी म्हणा

आत्ताच घरी आले. चहा टाकलाय, पण आधी हे लिहून टाकते, नाहीतर रात्रभर डोक्यात घोळत राहील.

मावशीचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, सोमवारपासून अॅडमिट आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, विचारू नका. दोन बेडची खोली, मध्ये पडदा. पलीकडे सत्तरीचे एक गृहस्थ, पित्ताशयाचे. रोज दोन पेपर वाचणारे, माझ्याशी 'तुम्ही मूळच्या कुठल्या' वगैरे गोड बोलणारे. आज दुपारी त्यांनी बेल वाजवली आणि सिस्टरला यायला आठ-दहा मिनिटं लागली. समोरच्या खोलीत कोणालातरी उलट्या होत होत्या. मला ऐकू येत होतं, म्हणजे त्यांनाही येत असणारच.

ती आली. चोविशीची असेल, लातूरकडची. हे गृहस्थ सुरूच झाले. "पैसे मोजतो आम्ही, धर्मशाळेत नाही आलो! तुझ्यासारख्या छप्पन्न पाहिल्यात..." पुढचा शब्द मी इथे लिहिणार नाही. मावशीने माझं मनगट घट्ट धरलं, एवढंच सांगते.

त्यांचा राग आलाच. पण मला आत्ता उभ्या उभ्या टाईप करायला लावतोय तो राग त्याच्या पुढचा आहे. पाच मिनिटांनी खालून एक ब्लेझरवाला आला. गळ्यात कार्ड, हातात टॅब. काय झालं हे त्या मुलीला विचारलंसुद्धा नाही. "सर, रिअली सॉरी." आणि मग तिच्याकडे वळून, "सिस्टर, सॉरी म्हणा सरांना."

ती म्हणाली सॉरी. आणि चार वाजले होते म्हणून त्याच माणसाच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. "हात सैल सोडा, बाबा." बाबा! आकडा अर्थातच चढलेला. तो तिने चार्टवर लिहिला आणि म्हणाली, "थोड्या वेळाने परत बघते." शिव्या देऊन देऊन ह्यांचं बीपी वाढणार आणि ते मोजायचंही हिनेच.

आता माझं सांगते. हे नवऱ्यालाही कधी बोलले नाहीये.

२०१७ चा पावसाळा. बाबा महापालिकेच्या हॉस्पिटलात होते. रात्री अडीचला मला डुलकी लागली, जाग आली तर सलाईन संपलेलं आणि नळीत रक्त चढलेलं. मी अख्खा वॉर्ड उठेल अशी ओरडले. "झोपा काढता का इथे? पगार कशाचा घेता?" सिस्टर धावत आली, नळी मोकळी केली, नवी बाटली लावली. म्हणाली, "ताई, सलाईन संपलं की येतं थोडं रक्त. घाबरू नका." आणि गेली, कारण तोवर दुसरीकडून हाक आली होती.

सहाला तोंड धुवायला निघाले तर त्यांच्या टेबलावर डबा उघडा. पोळीत भेंडी गुंडाळलेली, एकच घास खाल्लेला. पोळी वाळून कडक झाली होती.

मला कोणी सॉरी म्हणायला लावलं नाही. मीही म्हटलं नाही.

हो, खेकसणाऱ्या सिस्टरही असतात. माझ्या बाळंतपणात एक भेटली होती, तिला मी अजून माफ केलेलं नाही. आणि तापात, भुलीत, वेदनेने बरळणारा पेशंट वेगळा, त्याचं नर्सेसही मनावर घेत नाहीत. झालं? आता ते पित्ताशय भुलीत नव्हतं. चांगलं टक्क जागं होतं.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे महाराष्ट्रात २०१० पासून आहे. वैद्यकीय सेवेतल्या माणसावर हात टाकला, धमकावलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५०,००० पर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. त्यात नर्सही येते. पण तक्रार द्यायला पाठीशी कोण, तो ब्लेझरवाला? २०१७ च्या मार्चमध्ये निवासी डॉक्टर मारहाणीच्या निषेधात कामावरून उठले तेव्हा सरकारी हॉस्पिटलांत सुरक्षारक्षक वाढवले गेले. चांगलं झालं. पण रक्षक उगारलेला हात धरेल, जिभेला काय धरणार?

आणि उशीर! इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या हिशेबाने शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ३ पेशंटमागे १ नर्स पाहिजे, इतर ठिकाणी ५ मागे १. बाबांच्या वॉर्डात मी जागरणाच्या रात्री मोजले होते, जमिनीवरच्या गाद्या धरून पन्नासच्या वर. सिस्टर दोन. त्यातलीच एक ती डबेवाली. आजच्या ह्या चकचकीत मजल्यावरही दुपारी दोघीच होत्या. तिसरी ज्याने ठेवली नाही तो माणूस कधी पेशंटसमोर येत नाही. त्याच्या वाटच्या शिव्या खायला हीच उभी.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाचला मीही थाळी वाजवली होती, आजीची पितळेची. आणि दोन आठवड्यांत आमच्याच सोसायटीने चौथ्या मजल्यावरच्या नर्सला 'लिफ्ट वापरू नका' सांगितलं. बारा तासांची ड्युटी करून ती जिन्याने चढायची. मी मीटिंगमध्ये गप्प बसले होते. आज सगळंच बाहेर येतंय.

परळवरून येताना बसमधून केईएम दिसलं. अरुणा शानभाग, तिथलीच नर्स, हॉस्पिटलातच तिच्यावर हल्ला झाला आणि १९७३ च्या नोव्हेंबरपासून २०१५ च्या मेपर्यंत ती तिथे खाटेवर होती आणि तिला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली ती तिथल्या नर्सेसनी. त्यातल्या कित्येकींचा जन्मही तिच्यावर हल्ला झाला तेव्हा झाला नव्हता. ऐंशीच्या दशकात पालिका तिला तिथून हलवायला निघाली तेव्हा ह्याच बायका आडव्या आल्या. त्यांच्यासाठी त्याच उभ्या राहतात, दुसरं कोणी नाही.

निघताना कॉरिडॉरमध्ये त्या मुलीला गाठलं. म्हटलं, मी तक्रार करते, मी पाहिलंय सगळं. ती औषधाच्या ट्रेवरची नजर न काढता म्हणाली, "नको ताई. शेवटी माझ्यावरच येतं."

मी ऐकलं नाही. बसमध्ये बसून त्यांच्या लिंकवर फॉर्म भरला. तिचं नाव टाकलं नाही, फक्त मॅनेजरबद्दल लिहिलं, सभ्य भाषेत, वेळेसकट.

हे लिहिता लिहिता मेसेज आला. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. संबंधित नर्सिंग स्टाफला योग्य ती समज देण्यात येईल.'

चहा उतू गेलाय. तिची नाईट कधी आहे ते मला माहीत नाही, सकाळी सातला जाऊन उभी राहते.