दोन मुठी पितळेचे 40 हजार

धरणात कुणी बुडालं की दुसऱ्या दिवशी बातमी येते, पाणबुडे ‘ऑक्सिजन सिलिंडर’ लावून उतरले. चीड इथूनच सुरू होते. अहो, त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो! साधी हवा असते, 200 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे 200 पट दाबानं कोंबलेली. शुद्ध ऑक्सिजन ओढत माणूस 6 मीटरच्या खाली गेला तर पाण्यातच झटके येऊन मरू शकतो. ज्या वस्तूत काय भरलंय हेच लोकांना माहीत नाही, तिच्या किमतीचा जाब कोण विचारणार? विकणाऱ्यांचं फावतं ते यामुळंच.

नावाजलेल्या कंपनीचा साध्यातला साधा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा पाणबुड्याच्या तोंडात देणारं यंत्र, मागून बघा. 30 ते 50 हजार सांगतात. आत असतं काय? फर्स्ट स्टेज म्हणजे क्रोम चढवलेला पितळी ठोकळा, त्यात स्प्रिंग, पिस्टन किंवा डायफ्राम, झडप मिटवणारी नखाएवढी प्लॅस्टिकची सीट आणि मूठभर ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या. सिलिंडरचा 200 बारचा दाब तो 9-10 बारवर आणतो. तिथून तोंडातली सेकंड स्टेज तो भोवतालच्या पाण्याइतका करून श्वासाला देते. बस्स. असलं पितळ कातून काढणं संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या पोरांच्या डाव्या हाताचा मळ आहे. कूस्तो आणि गान्याँ यांनी हे यंत्र 1943 साली तयार केलं, त्याचं मूळ पेटंट केव्हाच संपलं. चाचण्यांना खर्च येतो, युरोपचं ईएन 250 मानक पार करावं लागतं, माल थोडा खपतो, जीव त्यावर टांगलेला असतो, हे सगळं कबूल. त्याचे पैसे घ्या, कुणाची ना नाही. पण बाकीचे?

बाकीचे वाटेत जातात. माल बाहेरून येतो. वस्तूची किंमत, जहाजाचं किंवा विमानाचं भाडं आणि विमा, या तिन्हींच्या बेरजेवर कस्टम ड्युटी. ड्युटीवर सरचार्ज. मग या सगळ्या ढिगावर जीएसटी. म्हणजे करावर कर. त्यावर देशाच्या वितरकाचा नफा, त्यावर दुकानदाराचा. दोघंही टक्केवारीनं घेतात, म्हणजे सरकारनं घेतलेल्या करावरसुद्धा हे नफा कमावतात! आणि दुकानदार कोण, तर बहुतेक वेळा तुम्हाला डायव्हिंग शिकवणारा मास्तरच. नवशिक्या पोराला तो सांगेल ते ब्रह्मवाक्य. वरची साखळीही तशीच आहे. मारेस ही सामानाची कंपनी हेड समूहाची, एसएसआय ही प्रमाणपत्रं देणारी संस्थाही 2014 पासून त्याच समूहाची, आणि 2025 मध्ये अ‍ॅक्वालंग ही सामानाची दुसरी कंपनीही त्यांनीच घेतली. शिकवायचं, कागद द्यायचा आणि माल खपवायचा, तिन्ही एकाच घरात.

सर्वात जास्त डोकं फिरतं ते सुट्या भागांवरून. रेग्युलेटरची सर्व्हिस साधारण वर्षा-दोन वर्षांनी करावी लागते. तेव्हा बदलतात काय, तर सीट, ओ-रिंगा आणि फर्स्ट स्टेजमध्ये हवा शिरते तिथली बारीक जाळी. झिजते ती मुख्यतः सीट. पितळी कडेवर दाबून दाबून तिच्यावर गोल चर पडतो, मग झडप पूर्ण मिटत नाही. दोन स्टेजच्या मधला दाब 9 बारवर थांबायच्या ऐवजी हळूहळू वर सरकतो आणि सेकंड स्टेज आपोआप फुसफुसायला लागते. हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. पाण्यात तरंगायला हवेनं फुगवायच्या जॅकेटला हवा देणाऱ्या नळीला मधल्या दाबाचा गेज लावा, सिलिंडर उघडा, दोन-चार श्वास घ्या आणि काटा बघा. एका जागी खिळला तर ठीक, पाच मिनिटांत चढत गेला तर सीट गेली. एवढ्यासाठी आख्खा रेग्युलेटर कुरियरनं मुंबई-पुण्याला धाडायचा आणि महिना-महिना वाट बघायची. कामून? तर बहुतेक कंपन्या सर्व्हिस किट फक्त अधिकृत तंत्रज्ञालाच देतात. हायड्रॉलिकच्या दुकानात काही रुपयांना मिळते तसली नायट्राइलची ओ-रिंग पाकिटात घातली, पाकिटावर कंपनीचा शिक्का मारला, की तिचे शेकड्यानं पैसे. खोली आणि वेळ मोजणाऱ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरच्या सेलचीही हीच रड.

बरं, घेतलं एकदाचं सामान. आता हवा कुठं भरणार? 12 लिटरचा सिलिंडर 200 बारला भरला की 2400 लिटर हवा. त्यातला 50 बारचा साठा राखून ठेवायचा, हातात राहिली 1800. विहिरीत 15 मीटरवर दाब अडीच पट, काम करणारा माणूस पाण्याबाहेर मिनिटाला 20 लिटर ओढत असेल तर तिथं मिनिटाला 50 ओढणार. छत्तीस मिनिटं! गाळात हात घालून माणूस शोधायला छत्तीस मिनिटं, आणि मग रिकामा सिलिंडर गाडीत घालून पुण्याचा रस्ता. येलदरी, माजलगाव, मांजरा, विष्णुपुरी, एवढी धरणं आपल्या मराठवाड्यात. एकाच्या तरी काठावर भरायची सोय दाखवा.

आणि हात जोडून सांगणं आहे, पंक्चरच्या दुकानातला नाहीतर विहिरी फोडायच्या ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर यासाठी वापरू नका. एक तर तो 8-10 बारच्या आसपास थांबतो. दुसरं, त्यात तेलाची वाफ असते आणि शेजारीच इंजिन धूर ओकत असतं. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड पाण्याच्या दाबाखाली आणखी घात करतो, वासही येत नाही. त्या कॉम्प्रेसरची नळी थेट तोंडात धरून मोटार काढायला उतरणारे आजही आहेत. श्वासाच्या हवेचा कॉम्प्रेसर वेगळा. त्याला कोळशाचं आणि ओलावा शोषणारं फिल्टर लागतं, आणि ते ठरलेल्या तासांनी बदलावंच लागतं. अग्निशमन दलाकडं धुरात जाताना पाठीला लावायचे बीए सेट असतात. ते भरायचा कॉम्प्रेसर जिथं असेल तिथं जोडणी जुळवून, सिलिंडरवर कोरलेल्या दाबापलीकडं न जाता स्कुबाचा, म्हणजे पाणबुड्याचा, सिलिंडरही भरता येतो. पण हे जमवून आणायला कुणाला वेळ आहे?

या सगळ्या अडचणीचा फायदा उठवतात ऑनलाइनवाले. अर्ध्या लिटरची चिमुकली बाटली, सोबत हातपंप, आणि जाहिरातीत दहा-दहा मिनिटं पाण्याखाली. हिशेब करा हो! अर्धा लिटर गुणिले 200, झाली 100 लिटर हवा. वरच ती पाच मिनिटं पुरते, 10 मीटरवर अडीच. हवा संपली की घाबरलेला पोरगा श्वास कोंडून सुसाट वर येतो, छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं. हे विकताना प्रशिक्षणाचा कागद कुणी मागत नाही.

उंचीबद्दल तर एकही विक्रेता बोलत नाही. पैठणच्या नाथसागराची पूर्ण पातळी 1522 फूट, म्हणजे 464 मीटर. किती खोलीवर किती वेळ थांबायचं हे सांगणारे समुद्रसपाटीचे तक्ते साधारण 300 मीटरपर्यंतच धरायचे. काही कॉम्प्युटरमध्ये उंचीची सेटिंग हातानं बदलावी लागते. खाली जायला कमरेला बांधायचं शिशाचं वजनही गोड्या पाण्यात दोन-तीन किलो कमी लागतं. मालवणात शिकलेला गडी तेवढंच बांधून पैठणला उतरला तर दगडासारखा तळाला जाईल.

सरकारी खरेदीत तरी हे धरावं ना? यादीत ‘स्कुबा सेट, नग 2’ एवढंच लिहून भागत नाही. कॉम्प्रेसर, फिल्टर, सिलिंडरची हायड्रो टेस्ट म्हणजे पाण्याच्या दाबानं केलेली तपासणी, पाच वर्षांचे सर्व्हिस किट आणि दोन माणसांचं प्रशिक्षण त्याच कागदावर, त्याच दराच्या करारात लिहून घ्या. नाहीतर लाखाचा सेट कपाटात पडून राहतो, रबर चिकट होतं, माउथपीसला चिरा पडतात, आणि धरणावर भोई-कोळ्यांची पोरं गळ आणि दोर घेऊन उघड्या अंगानं, नुसता दम धरून बुडी मारत असतात.