स्टार वॉर्समधले मागे उभे असलेले एलियन म्हणजे ‘रबराचा भरणा’? त्या व्हायरल पोस्टला माझं उत्तर

अंतराळातल्या लढायांच्या ‘स्टार वॉर्स’ या हॉलिवूड पिक्चरमालिकेवरची एक मराठी पोस्ट सध्या आपल्या इंदूरच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर फिरून राहिली आहे. फॅमिली ग्रुपवर आली, सोसायटीच्या ग्रुपवर आली, आमच्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर तर दोघांनी टाकली आणि खाली अंगठ्यांची रांग. पोस्ट लांबलचक आहे पण म्हणणं एवढंच, की या पिक्चरांमध्ये मागे जे चित्रविचित्र एलियन दिसतात ते बाजारातून उचललेले रबरी मुखवटे आहेत, त्यांची नावं आणि जमाती खेळणी खपवायला कंपनीनं पाडल्या, त्यांची भाषा म्हणजे तोंडाला येईल ती बडबड, कथेत त्यांचं काम शून्य (बोथान ही एक जमात सोडली तर, ज्यांनी म्हणे जीव देऊन पहिल्या डेथ स्टारचे, म्हणजे पिक्चरमधल्या दुष्ट साम्राज्याच्या ग्रह उडवणाऱ्या अड्ड्याचे, नकाशे आणले), आणि २०१४ मध्ये या पिक्चरांची मालक कंपनी डिस्नीनं ही सगळी माहिती कचऱ्यात टाकली, तेव्हा असलं पाठ करणाऱ्या पोरांनी अभ्यासाला लागावं.

मी गणेशोत्सवातल्या नाटकांचा मेकअप आणि गेटअप करतो, मुखवटे स्वतः बनवतो, त्यामुळे पहिलं वाक्य वाचूनच डोकं तापलं. पण नुसतं तापून काय उपयोग, एकेक मुद्दा घेऊ.

मुखवट्यांच्या मुद्द्यात थोडं खरं आहे, ते आधी सांगतो. १९७७ च्या पहिल्या पिक्चरमधला मॉस आयस्ली या गावातल्या कँटिनाचा, म्हणजे दारूच्या गुत्त्याचा, तो सीन सगळ्यांना आठवत असेल, जिथे तरुण नायक ल्यूक आणि त्याचा म्हातारा गुरू ओबी-वान पायलट शोधायला जातात. तिथल्या एलियनचं काम इंग्लंडमध्ये स्टुअर्ट फ्रीबॉर्न करत होते, तेच ज्यांनी केसाळ च्युबॅका केला आणि पुढे छोटा हिरवा योडा केला. मध्येच ते आजारी पडले आणि काम अर्धवट राहिलं, दिग्दर्शक जॉर्ज लुकसला तर सीनमध्ये अजून बरेच एलियन पाहिजे होते, म्हणून नंतर लॉस एंजेलिसला थोडक्या पैशांत जास्तीचे शॉट घेतले. ते काम रिक बेकर नावाच्या तरुण मेकअपवाल्याकडे आलं आणि त्याच्याबरोबर फिल टिपेट, जॉन बर्ग, डग बेसविक, लेन लिस्का वगैरे पोरं होती. वेळ कमी होता, तेव्हा बेकरनं आपल्याकडे आधीच करून ठेवलेले काही मुखवटेही आणले, त्यातलाच एक तो लांडग्याच्या तोंडाचा. पण हे मुखवटे बाजारातले नव्हते हो, त्याच्याच हातचे होते! लांडगा तर लुकसला शेवटपर्यंत पसंत पडला नाही, पिक्चरच्या १९९७ च्या सुधारित आवृत्तीत, स्पेशल एडिशनमध्ये, त्याची जागा दुसऱ्याच एलियननं घेतली. बाकी हॅमरहेड म्हणा, वॉलरसच्या सुळ्यांचा तो भांडकुदळ म्हणा, फुगीर डोक्यांचा तो बँड म्हणा, हे सगळं या सीनसाठी मुद्दाम घडवलेलं काम आहे. आणि त्या बँडमध्ये मुखवटे घालून उभे कोण होते? बेकरच्या टीममधलेच कलाकार, टिपेट आणि बर्गसुद्धा. म्हणजे मुखवटा ज्यानं केला त्यानंच तो डोक्यावर चढवला आणि दिव्यांखाली मान हलवत उभा राहिला. पूर्ण डोकं झाकणारा मुखवटा घालून दहा मिनिटं स्टेजवर उभं राहून बघा म्हणजे कळेल, दोन भोकांतून जेवढं दिसतं तेवढंच दिसतं, घाम डोळ्यांत उतरतो आणि पुसता येत नाही, स्वतःचा श्वास इतका मोठा ऐकू येतो की समोरच्याचा क्यू चुकतो. याच बेकरला पुढे मेकअपचे ७ ऑस्कर मिळाले. टिपेटनं त्याच पिक्चरमधला तो जिवंत सोंगट्यांचा बुद्धिबळासारखा खेळ बर्गबरोबर अ‍ॅनिमेट केला, नंतर जुरासिक पार्कसाठी त्यालाही ऑस्कर मिळाला. ज्यांच्या कामाला पोस्टवाले दादा ‘भरणा’ म्हणतात ती ही माणसं.

आता खेळण्यांचं. इथे पोस्टनं गोष्ट पूर्ण उलटी सांगितली आहे. केनर या खेळण्यांच्या कंपनीनं १९७८ पासून बाहुल्या काढल्या, बरोबर. पण त्यांनी दिलेली नावं काय होती? हॅमरहेड, वॉलरस मॅन, स्नॅगलटूथ. म्हणजे हातोड्यासारखं डोकं म्हणून हॅमरहेड, वाकडे दात म्हणून स्नॅगलटूथ, बस, जे दिसलं ते नाव. जमात कुठली, ग्रह कुठला, याच्याशी कंपनीला काही घेणंदेणं नव्हतं. स्नॅगलटूथच्या वेळी तर कंपनीकडे कमरेच्या वरचाच फोटो होता, त्यामुळे खाली काय आहे हे कळायला मार्गच नाही, त्यांनी सरळ माणसाएवढा उंच, निळ्या कपड्यांतला, चंदेरी बुटांचा बाहुला केला आणि सिअर्स या अमेरिकन दुकानाच्या कँटिना सेटमध्ये विकला. पिक्चरमधला खरा प्राणी ठेंगणा आणि लाल कपड्यांतला! नंतर बाहुली सुधारली आणि तो निळा आज जमवणाऱ्यांना हवाहवासा वाटतो. जी कंपनी पात्राची उंचीसुद्धा नीट देऊ शकली नाही तिनं या जमातींचा इतिहास लिहिला असं कसं म्हणता?

इतिहास लिहिला तो भलत्याच लोकांनी. १९८७ मध्ये वेस्ट एंड गेम्स नावाच्या एका छोट्या कंपनीनं स्टार वॉर्सचा रोल-प्लेइंग गेम काढला, कागद-पेन्सिल-फासे घेऊन मित्रांबरोबर बसून खेळायचा. आता अशा खेळात कुणी म्हणालं की मला तो हातोडा डोक्याचा व्हायचंय, तर त्याला सांगावं लागतं ना की तू कोण, कुठला, तुला काय येतं! म्हणून बिल स्लाविसेक आणि कर्टिस स्मिथ यांनी गेमबरोबरच्या सोर्सबुकमध्ये, म्हणजे माहितीपुस्तकात, हे सगळं बसून लिहिलं. कँटिनातल्या हिरव्या ग्रीडोचे लोक रोडियन, ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ मधल्या बिब फॉर्च्युनाचे ट्वी’लेक, हॅमरहेडचे इथोरियन, आज जी नावं सगळे सहज घेतात ती तिथून रुळली. आणि १९९१ मध्ये टिमोथी झानची ‘एअर टू द एम्पायर’ ही कादंबरी आली, ती लिहिताना लुकसच्या कंपनीनं, लुकसफिल्मनंच, झानला संदर्भ म्हणून याच गेमची पुस्तकं पाठवली होती.

इथोरियनांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण माझा जीव त्यांच्यात आहे. कँटिनात तो हॅमरहेड काही क्षण दिसतो, काही करत नाही, नुसता बघतो. पुढे लेखकांनी त्याला नाव दिलं मोमॉ नेडन, आणि त्याच्या लोकांना काय काय दिलं बघा: दोन तोंडं, चार गळे, त्यामुळे आवाज दोन्हीकडून घुमतो. त्यांचा ग्रह म्हणजे सगळं जंगल, त्या जंगलाला ते आई मानतात, जमिनीवर पाय ठेवत नाहीत, वर तरंगणाऱ्या शहरांसारख्या जहाजांत कळपानं राहतात, आणि एक झाड घेतलं तर दोन लावायचे असा त्यांचा नियम. १९९५ च्या ‘टेल्स फ्रॉम द मॉस आयस्ली कँटिना’ या कथासंग्रहात डेव्ह वॉल्व्हर्टननं नेडनवर पूर्ण कथा लिहिली. साम्राज्यापासून ग्रह वाचवायला त्यानं आपल्या लोकांची शेतीची गुपितं देऊन टाकली, ग्रह वाचला, पण त्याच्याच लोकांनी त्याला हद्दपार केलं, म्हणून तो मॉस आयस्लीच्या ग्रहावर, टॅटूइनच्या वाळवंटात एकटा. हे कळल्यावर कँटिनाचा सीन पुन्हा बघा, तो गप्प का उभा आहे ते वेगळंच दिसतं. माझा भाचा रामबागेत राहतो, आठवीत आहे, त्यानं वहीत नेडन काढलाय, मागे झाडांच्या कुंड्या काढल्यात, आणि त्याच्या बाबांनी ही पोस्ट त्याला पाठवून ‘वाच जरा’ म्हटलं. पोरगं दोन दिवस त्या वहीला शिवलं नाही. मी हे सगळं लिहायला बसलो ते त्यामुळे.

आणखी एक छोटी पण भारी गोष्ट. वॉलरस तोंडाच्या त्या भांडकुदळाचं नाव पाँडा बाबा, जमात अ‍ॅक्वलिश. ओबी-वान लाइटसेबरनं, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीनं, त्याचा हात तोडतो. थांबवून बघा, जमिनीवर पडलेला हात केसाळ, नखांचा आहे, आणि दुसऱ्या शॉटमध्ये त्याच पात्राचा पंजा माशाच्या परासारखा दिसतो. साधी चूक. पण नंतर लिहिणाऱ्यांनी ती चूक म्हणून सोडून दिली नाही, त्यांनी अ‍ॅक्वलिशांच्या पोटजमाती मांडल्या, काहींना पंजात पडदे, काहींना बोटं. इतकं बारीक बघणारी माणसं या कामामागे आहेत.

भाषेचा मुद्दा तर पुराव्यानं सरळ पडतो. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’, १९८३, पायलट लँडोच्या शेजारी मिलेनियम फाल्कन हे यान चालवणारा तो लटकत्या गालांचा नीन नन, सलस्टन जमातीचा. त्याला आवाज दिला किपसांग रोटिच या केनियाच्या विद्यार्थ्यानं, आणि तो जे बोलतो ती खरी आफ्रिकन भाषा आहे, केनियातल्या प्रेक्षकांना ती कळली आणि त्यांना त्याचं कौतुकही वाटलं! वाळवंटातल्या जावा नावाच्या बुटक्या झगेवाल्यांची बोली साउंड डिझायनर बेन बर्टनं झुलू भाषा ऐकून, तिचा वेग वाढवून बेतली. ग्रीडो जी हटीज नावाची भाषा बोलतो ती दक्षिण अमेरिकेतल्या केचुआच्या ध्वनींवरून तयार झाली, त्यासाठी लॅरी वॉर्ड हा भाषाशास्त्राचा माणूस बोलावला होता. तोंडाला येईल ते बडबडायचं असतं तर भाषाशास्त्री कशाला बोलावला असता?

बोथानांचं लगेच निपटवतो. ‘अनेक बोथान मेले’ हे वाक्य साम्राज्याविरुद्धच्या बंडखोरांची नेता मॉन मॉथमा ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ मध्ये म्हणते आणि ते दुसऱ्या डेथ स्टारबद्दल आहे. पहिल्याचे नकाशे कुणी आणले यावर तर ‘रोग वन’ हा पूर्ण पिक्चर आहे, २०१६ चा. आणि बोथान या पिक्चरांमध्ये एकदाही दिसत नाहीत, म्हणजे पोस्टनं ज्यांना एकमेव उपयोगी एलियन म्हटलं ते पडद्यावरच नाहीत.

कथेत काम शून्य? एंडॉरच्या लढाईत बंडखोरांचं अख्खं आरमार अ‍ॅडमिरल अ‍ॅकबार चालवतो, तो मॉन कॅलमारी जमातीचा, आणि सापळा आहे हे ओरडून सांगणारा तोच. ‘रोग वन’ मध्ये स्कॅरिफवर आरमार घेऊन जाणारा रॅडस, तोही मॉन कॅलमारी, तो तिथून परत येत नाही. अ‍ॅकबारच्या आत टिम रोझ होता, आवाज एरिक बॉअर्सफेल्डचा, हे बर्कलीच्या रेडिओवर नाटकं करणारे गृहस्थ, आणि बिब फॉर्च्युनाचा आवाजही त्यांचाच. रेडिओ नाटकातला माणूस असल्यामुळेच दोन्ही आवाज एकाच गळ्यातले आहेत हे कळत नाही, असं मला मनापासून वाटतं. आणि जे खरंच फक्त मागे उभे आहेत त्यांचंही काम आहे. आपल्या इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीतून, गेरमधून, गर्दी काढली तर राजवाड्यासमोर चार टँकर उरतील. ल्यूक शेतावरून पहिल्यांदा बाहेर पडतो, त्याला जग किती मोठं आहे हे कुणीही बोलून सांगत नाही, तो दारातून आत येतो आणि ते पंधरावीस चेहरे बघतो, बस, त्यालाही कळतं आणि आपल्यालाही.

राहिला २०१४ चा मुद्दा. तेव्हा झालं काय, तर एप्रिलमध्ये लुकसफिल्मनं जाहीर केलं की तोवरच्या कादंबऱ्या, कॉमिक्स वगैरे इथून पुढे ‘लेजंड्स’ या नावाखाली राहतील आणि नव्या पिक्चरांवर त्यांचं बंधन नसेल. नेडनची हद्दपारीची कथा त्यात गेली, खरंय. पण पुस्तकं छापणं थांबलं नाही, आणि जमाती तर कुठेच गेल्या नाहीत. कँटिनातला तो शिंगवाला, सैतानासारखा दिसणारा एलियन आठवतो? त्याची जमात डेव्हारोनियन, आणि २०१९ च्या ‘द मँडलोरियन’ या मालिकेत बर्ग नावाचा धिप्पाड डेव्हारोनियन आला, क्लॅन्सी ब्राउननं केलाय. झाननं १९९१ च्या कादंबरीत आणलेला निळ्या कातडीचा थ्रॉन २०२३ मध्ये ‘अहसोका’ मालिकेत हाडामांसाचा उभा राहिला. पाँडा बाबा ‘रोग वन’ मध्ये रस्त्यात धक्का मारून जातो. आणि डिस्नीनं स्वतःच्या पार्कात २०१९ ला स्टार वॉर्सचा भाग उघडला तेव्हा तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानाचा मालक म्हणून कोण बसवला, तर डॉक-ऑन्डार, एक इथोरियन! तोच हातोड्यासारख्या डोक्याचा.

तर ज्या दादांनी पोस्ट लिहिली त्यांना एवढीच विनंती, निदान बोथानांची आणि २०१४ ची ओळ तरी दुरुस्त करा, ती तर मत नाही, माहिती आहे आणि चुकीची आहे. आणि ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांनी हेही त्याच ग्रुपांवर पाठवा, विशेषतः जिथे घरातली मुलं वाचतात तिथे.