नानकटाईचा पसारा

नानकटाई पसरते. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं याच एका दुःखाभोवती फिरणार आहे. डोक्यावर पिस्त्याची टिकली लावलेले 20 गोंडस गोळे ट्रेमध्ये मांडायचे, ओव्हनचं दार लावायचं, आणि 18 मिनिटांनी उघडून पाहावं तर आत एकच नानकटाई. ट्रेच्या आकाराची. टिकल्या मात्र 20 च्या 20, जागच्या जागी.

आणि हा पदार्थ म्हणे सोपा! 'त्यात काय, मैदा, तूप, साखर, झालं.' अनारशाचं पाहा. तो तुपात सोडल्यावर विरघळला तर 'अनारसा हसला' म्हणतात. त्याच्या अपयशालासुद्धा काय गोड नाव आहे! करंजी फुटली तर चार बायका हळहळतात. पण नानकटाई बिघडली की सगळे तुमच्याकडे बघतात, कारण सोपी होती ना.

पहिला घोळ वाटीपासून. 'दीड वाटी मैदा, पाऊण वाटी तूप.' कुठली वाटी? आमटीची, की रुखवताच्या सेटातली श्रीखंडाची? एकाच घरात 100 मिलीची वाटी असते आणि 200 मिलीचीही. सगळ्याला एकच वाटी वापरली की झालं, असं म्हणतात, आणि ते अर्धंच खरं आहे. मैदा चाळून हलक्या हाताने भरला तर 240 मिलीच्या कपात साधारण 120 ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून, दाबून काढला तर 150 ग्रॅमपर्यंत जातो. तूप सपाट भरलं की शिगोशीग, हा आणखी वेगळा प्रश्न. म्हणून पहिली खरेदी साच्यांची करू नका, वजनकाट्याची करा. माझं प्रमाण असं: मैदा 125 ग्रॅम, बेसन 30, बारीक रवा 15, पिठीसाखर 80, साजूक तूप 100. बेकिंग पावडर पाव छोटा चमचा, मीठ चिमूटभर, वेलची आणि जायफळ नाकाला पटेल तेवढं. यात 17-18 ग्रॅमच्या 20 नानकटाया होतात. बेसनाने खमंगपणा येतो, रव्याने दाताखाली किंचित रवाळपणा. दोन्ही वगळून नुसत्या मैद्याची करणाऱ्यांशी भांडण नाही, पण त्यांच्याकडे चहाला जायची घाईही नाही.

आता तूप. सगळी गोम इथे आहे. तूप थिजलेलं हवं: बोट दाबलं तर खळगा पडावा आणि तसाच राहावा. पुण्यात दिवाळीच्या सुमाराला ते बरेचदा आपोआप तसं असतं. मुंबईत आणि कोकणात ते बरणीत डुलत असतं, तर नागपूरच्या डिसेंबरात चमचा वाकवतं. पातळ असेल तर 20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मधूनमधून ढवळायचं, नाहीतर कडेने दगड आणि मधे तेल. दगड झालेलं असेल तर बाहेर काढून वाट पाहायची. इथे लोक हमखास 10 सेकंद मायक्रोवेव्ह करतात, आणि पसरलेल्या नानकटाईची जन्मवेळ म्हणून कुंडलीत तोच क्षण मांडावा.

मग फेसणं. पसरट परातीत तूप घ्यायचं, पिठीसाखर चाळून घालायची आणि तळहाताने एकाच दिशेने फिरवत राहायचं. पहिली तीन-चार मिनिटं काहीच होत नाही. साखर तळव्याला खरखरते, तूप पिवळंच, खांद्याने मात्र तक्रार सुरू केलेली. सहाव्या-सातव्या मिनिटाला परातीचा आवाज बदलतो. खरखर जाऊन ओलसर चपचप येते. रंग फिका पडत पडत पांढऱ्याकडे जातो, बोटांमागे सुटणारी रेघ पुसली जात नाही आणि मिश्रण पहिल्यापेक्षा बरंच जास्त दिसायला लागतं. दहा-बारा मिनिटांत काम होतं. इलेक्ट्रिक बीटरने चार मिनिटांत होतं, पण मग खांदा दुखल्याचं सांगता येत नाही.

फेसलं गेलं की नाही, ते पाहायला गोळी पाण्यात टाकतात. तरंगली तर झालं. इथे एक गंमत आहे. नुसतं तूप न फेसताही तरंगणारच, ते पाण्यापेक्षा हलकंच असतं. साखर मिसळली की मिश्रण जड होऊन बुडतं, आणि हवा भरली की पुन्हा वर येतं. तेव्हा चाचणी साखर घातल्यावरच घ्यायची. आधी घेतलीत तर पहिल्या मिनिटालाच शंभर टक्के गुणांनी पास व्हाल.

ही हवा म्हणजेच नानकटाईचा खुसखुशीतपणा. सोड्याने नानकटाई होते हा गैरसमज आहे. सोडा हा मदतनीस. पण त्या बिचाऱ्यालाच सगळं काम सांगतात: 'चिमूटभर सोडा.' चिमूट कुणाची? कुणाची चिमूट जेमतेम कुंकवाएवढी, तर कुणाची पाव चमचा भरेल अशी. सोडा वाढला की नानकटाई लवकर लाल होते, जास्त पसरते आणि खाताना साबणाचा भास होतो. बेकिंग पावडरीत सोड्याबरोबर आंबट घटक आधीच असतो, म्हणून ती जरा पोटात घालते. सोडाच घालायचा असेल तर छोट्या चमच्याचा आठवा हिस्सा आणि त्याच्या जोडीला छोटा चमचाभर दही. बस.

पीठ चाळून घातल्यावर मळायचं नाही. सगळ्यात कठीण पायरी हीच, कारण पोळी-भाकरीवर पोसलेल्या हाताला पीठ दिसलं की तो मळायलाच लागतो. मळलं की हाताच्या उष्णतेने तूप सुटतं, आणि फेसून भरलेली हवा ज्या वाटेने आली त्याच वाटेने निघून जाते. बोटांनी नुसतं गोळा करायचं. भुसभुशीत वाटलं तर थोडं मुठीत दाबून पाहा. ऊब लागली की जमतं. धीर सुटून दूध ओतू नका. ओलाव्याने मैद्याला चिवटपणा येतो, आणि तयार होतं ते टेबलावरचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवण्याच्या कामाचं.

गोळे वळून, किंचित चपटे करून, दोन बोटांचं अंतर सोडून मांडा आणि ट्रे 20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. भाजीची पिशवी, कालची आमटी आणि बर्फाचा ट्रे यांच्यामध्ये नानकटाईचा ट्रे आडवा बसवणं ही स्वतंत्र कला आहे, तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी. पण थंड गोळ्याचं पीठ बाहेरून बसायला लागतं तोवर आतलं तूप वितळलेलं नसतं, म्हणून आकार टिकतो.

आता एक बळी द्यायचा. 160 ते 170 अंशांवर दहा-बारा मिनिटं तापवलेल्या ओव्हनमध्ये एकटीच नानकटाई पाठवायची. ती पसरली तर उरलेल्या पिठात मोठा चमचाभर मैदा घालायचा. खूप तडकून भुगा झाली तर छोटा चमचाभर तूप. वरच्या बारीक भेगा मात्र हव्यातच, त्या दोष नाहीत. 20 जणींची अब्रू जाण्यापेक्षा एकीची गेलेली परवडते, आणि पुरावा खाऊन टाकता येतो.

ओटीजीच्या, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनच्या, बटणावर लिहिलेले अंश हे निवडणुकीच्या जाहीरनाम्यासारखे वाचावेत. 160 वर ठेवलेला काटा आत 180 करत असेल किंवा 145. काही शे रुपयांचा थर्मामीटर आत ठेवला की खरं काय ते कळतं. ट्रे मधल्या कप्प्यात, वेळ 15 ते 18 मिनिटं. खालची बाजू फिकट बदामी आणि वरचा रंग जवळपास पहिल्यासारखाच, की काढायची. बोट लावाल तर मऊ लागेल. 'कच्चीच आहे' म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवणारे इथेच फसतात. ती बाहेर, गार होताना कडक होते. पाच मिनिटं ट्रेवरच, मग जाळीवर, आणि पूर्ण गार झाल्यावर डब्यात. गरम भरली तर वाफेने रात्रीत मऊ पडते.

ओव्हन नसेल तर कुकर आहेच. रिंग आणि शिट्टी काढायची. रिंग विसरलात तर घरभर जळक्या रबराचा फराळ. तळाशी दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर स्टँड, दहा मिनिटं मध्यम आच, मग ताटली ठेवून मंद आचेवर 20-25 मिनिटं. पाणी अजिबात नाही. वरून आच नसल्यामुळे नानकटाई वरून पांढरीफटक राहते आणि बुडाला करपायला टपलेली असते. कुकर जुनाच घ्या, कोरड्या आचेने आणि मिठाने चांगल्या कुकरचा तळ खराब होतो.

खरं तर आपल्याकडे हे घरी करायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. दिवाळीच्या आधी मैदा, साखर आणि डालडा डब्यांत भरून बेकरीत न्यायचा, आणि पाव निघाल्यावर उतरत्या आचेच्या भट्टीतून पत्र्याचे डबे भरून नानकटाई आणायची. डालडा तुपासारखा रवाळ नसतो आणि पटकन वितळत नाही. त्यात हवा छान धरली जाते, म्हणून ती नानकटाई उंच आणि भुसभुशीत व्हायची. वास मात्र साजूक तुपाचाच खरा. मूळ सुरतेचं असं सांगतात: डचांच्या बेकरीत काम करणाऱ्या एका पारशाकडे तिचं पितृत्व जातं. 'नान' म्हणजे फारसीत पाव, तेवढं नावावरूनही कळतं. सुरतेतही पहिली खेप पसरलीच असणार, असं मला आपलं वाटतं.

डबा भरताना पसरलेल्या तळाला आणि गोल गोल वरच्या थरात. पाहुण्यांच्या बशीत वरचा थर जातो. घरची मंडळी मात्र बघता बघता तळापर्यंत हात घालतात. पसरलेल्या नानकटाईच्या पातळ कडा जास्त भाजलेल्या असतात, जास्त कुरकुरीत लागतात, आणि डब्यात सगळ्यात आधी संपतात त्या त्याच.