लेडीज आठ

‘लेडीज आठ?’

हा प्रश्न मला आढ्यातून विचारण्यात आला. लक्ष्मी रोडवरच्या जुन्या चपलांच्या दुकानांत माल पोटमाळ्यावर असतो, आणि छताला एक चौकोनी भोक असतं. खालचा मुलगा मान वर करून नंबर ओरडतो, वरचा खोकं खाली सोडतो. वरचा कधी दिसत नाही. फक्त आवाज. तो आवाज पुन्हा म्हणाला, ‘लेडीज आठ कुठून आणू? जेन्ट्स आठ बोल ना नीट!’

‘जेन्ट्स नाय रे, लेडीज! लेडीजच आहेत!’ खालचा माझ्याकडे बघत ओरडला. जणू त्याने तपासून खात्री करून घेतली होती.

आणि मी त्याला ‘सॉरी’ म्हणाले. चक्क सॉरी. आज चार दिवस झाले, तरी ते सॉरी माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं आहे.

तर झालं होतं असं. पावसाळाभर मी प्लास्टिकच्या चपलांवर काढते आणि बरे सँडल जूनमध्येच वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकते. घटस्थापना झाली की ते खाली उतरतात. यंदाही उतरले. वरची बुरशी मी पुसली. पण तळवे पॉलियुरेथेनचे होते, आणि त्यांना दमट हवा आतून खात असते. वापरा नाहीतर गुंडाळून ठेवा, तिला फरक पडत नाही. अलका टॉकीजच्या चौकात डाव्या टाचेचा भुगा पडायला लागला आणि कुंटे चौकापर्यंत उजव्या सँडलने आ वासला. नवरा स्कूटर लावायला गेला होता. त्या रस्त्यावर सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला लावायची असते, आणि आज तारीख काय हे त्याला माहीत नसतं. तो पुढचा पाऊण तास मला दिसला नाही.

दुकानाच्या काचेवर नारिंगी कागदाची, पंजासारखी पानं चिकटवली होती आणि वर पाटी: ‘ऑटम विंटर कलेक्शन’. बाहेर डांबर मऊ झालेलं. उसाच्या रसवाल्याकडे रांग. आता ऑटम म्हणजे आपला शरद, असं शाळेत शिकवतात. पण आपल्याकडे शरदात पानं गळत नाहीत, माणसं गळतात. पानगळ येते शिशिरात. दसऱ्याच्या दिवसांत आपल्याकडची पानं झाडावरून ओरबाडली जातात, तीही आपट्याची. पण काचेवर आपट्याचं पान नव्हतं. मेपलचं होतं, जे दुकानातल्या एकानेही खरं पाहिलं नसावं. मीही नाही.

पहिल्यांदा खालच्या मुलाने घोट्यापर्यंतचे सुएडचे बूट काढले. ‘मॅडम, यंदा सगळं सुएड चाललंय. चॉकलेट ब्राऊन.’ सुएड म्हणजे चामड्याची आतली, केसाळ बाजू. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की तो कायमचा मुक्कामाला येतो. परतीचा पाऊस अजून परतायचा होता. मी म्हटलं, पाऊस आला तर? तो म्हणाला, ‘मॅडम, पावसात घालायचे नाहीत ना.’ मग उन्हात? ‘उन्हात गरम होतात.’ म्हणजे ते बूट वर्षातून साधारण अकरा संध्याकाळी घालायचे होते, आणि किंमत होती ३,४९९.

‘हे घालून पोलिसात लागलीस का काय, बाई?’

हे तो म्हणाला नाही. हे माझ्या डाव्या हाताला, चपला घालून बघायच्या बाकावर मांडी घालून बसलेल्या एका आजींनी म्हटलं. हिरवं नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि पाय अनवाणी. नवरात्राचा नेम होता. नऊ दिवस पायात काही घालायचं नाही. सासवडहून एसटीने आल्या होत्या, रस्ता तापला म्हणून आत शिरल्या होत्या आणि एसीच्या बरोबर खाली जागा धरून बसल्या होत्या. पायात काही न घालण्याचं व्रत घेतलेली ती एकमेव बाई दुकानातल्या प्रत्येकीच्या पायातल्या वस्तूवर मत देत होती. कॉलेजातल्या एका मुलीने जाड तळव्याचे बूट घातले, तर आजी म्हणाल्या, ‘विटा बांधल्यागत दिसतंय.’ मुलीने ते काढून ठेवले. दुकानदार गल्ल्यावरून आजींकडे बघत होता, पण नवरात्रातल्या हिरव्या लुगड्याला उठ म्हणायची कुणाची छाती आहे?

मग आले मेरी जेन. यंदाचा हुकमी ट्रेंड. काळे चकचकीत, गोल नाकाचे, वरून आडवा पट्टा आणि बक्कल. मी ते हातात घेतले आणि माझी चौथी ब डोळ्यांपुढे उभी राहिली. हे माझे शाळेचे बूट होते! वह्यापुस्तकांबरोबर जूनमध्ये घेतलेले, दिवाळीपर्यंत नाक उडालेले, शनिवारी पॉलिश करायचे, तेच. आई ते एक नंबर मोठे घ्यायची आणि पुढे कापूस कोंबायची. मुळात ते आहेतच लहान पोरांचे. १९०२ साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात बस्टर ब्राऊन नावाच्या वात्रट मुलाची चित्रकथा सुरू झाली, तिच्यातल्या मेरी जेनचं नाव पुढे या बुटांना चिकटलं. त्या चित्रांत असले बूट तो मुलगासुद्धा घालतो. म्हणजे तेव्हाही बूट जेन्ट्सचे होते, नाव मात्र मुलीचं पडलं.

‘आमच्या नातीला झेडपीच्या शाळेत अस्सेच हायेत,’ आजी म्हणाल्या.

‘काकू, हे फॅशनचे आहेत.’

‘तिचे दोनशेचे हायेत.’

मी नंबर सांगितला. आणि मग ते आढ्यातलं प्रकरण झालं.

‘सातपर्यंतच येतं लेडीजमध्ये,’ खालचा मुलगा म्हणाला. ‘सात ट्राय करा ना. घालून घालून सैल होतात.’ हे वाक्य या धंद्याचा श्रीगणेशा आहे. सैल असतील तर आत पट्टी टाकून देतात, घट्ट असतील तर घालून घालून सैल होतात. न बसणारी चप्पल त्या दुकानात जन्मालाच आलेली नाही. न बसणारे असतात ते पाय. त्याने पत्र्याची शूहॉर्न लावली, मी दात आवळले. पुढे अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर चढलं, आणि जोडवं आतून असं रुतलं की मला लग्न आठवलं. या बुटांचा आराखडा करणाऱ्याने जोडवं हा प्रकार आयुष्यात ऐकलेला नाही. त्या अंगठ्याशेजारच्या बोटात चांदीचं वेटोळं असतं, त्याला जागा लागते, हे मिलानला कोण कळवणार?

मिलानवरून आठवलं. २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या प्रादा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये अंगठ्याची चप्पल रॅम्पवर आली. कोल्हापुरीच. २०१९ सालीच तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून. पण शोमध्ये कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. इकडे बोंब झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते कबूल केलं. सगळ्यांना राग आला तो श्रेयाचा. मला वेगळंच खुपलं. तो शो पुरुषांच्या कपड्यांचा होता. म्हणजे तिथेही जेन्ट्सच.

‘निघत न्हाय का?’ आजींनी विचारलं. बूट निघत नव्हता. मुलाने ओढला, मी बाक धरला. निघाला तेव्हा सगळ्या दुकानाने सुटकेचा श्वास सोडला. आजी वाकून माझ्या मोकळ्या झालेल्या पायाकडे निरखून बघत राहिल्या.

‘आंगठ्याशेजारचं बोट लांब हाय तुझं.’

दुकान शांत झालं. ही काय भानगड असते ते आपल्याकडे प्रत्येक बाईला माहीत आहे.

‘नवऱ्यावर हुकूम चालतो म्हन की!’

कॉलेजातली मुलगी, गल्ल्यावरचा मालक, शूहॉर्नवाला, सगळ्यांनी माझं बोट पाहून घेतलं. हुकूम चालत असता तर मी इथे एकटी बसले असते का? पण हे सांगायला जागा नव्हती.

इथे मला जरा खरंच बोलायचं आहे. आपण अजून पाय मोजतो तो इंग्रजांच्या नंबरात. त्यांचा एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे म्हणे जवाचा एक दाणा. युरोपचे आकडे वेगळे, तिथे एक नंबर सेंटिमीटरचा दोन तृतीयांश. चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांचे पाय यंत्राने मोजले. निघालं काय, तर आपले पाय गोऱ्यांपेक्षा रुंद आहेत. नवी मापं सुचवली गेली, त्यांना नाव ‘भ’, भारताचा भ. छान. त्याच पाहणीत असंही दिसलं की भारतीय बाईच्या पायाची वाढ साधारण अकराव्या वर्षी कळसाला पोचते. म्हणजे माझ्या पायाचा निकाल पाचवी-सहावीतच लागलेला होता. त्यानंतरची तीस-बत्तीस वर्षं मी तो लपवत, दुमडत, ‘सात चालेल’ म्हणत हिंडते आहे. लग्नात घातलेल्या सोनेरी सँडलने दोन्ही करंगळ्यांची नखं गेली; फोटोत मी हसते आहे. लाख माणसांचे पाय मोजून झाले तरी लक्ष्मी रोडच्या माळ्यावर बाई सात नंबरला संपते. आणि बाईच्या चपलेत कातडं कमी, तळवा पातळ, शिलाई नावाची, तरी दर जास्त. मी हिशेब करायला लागले की डोकं दुखतं, म्हणून सोडून देते. सोडून देते म्हणूनच तर... असो.

‘जेन्ट्समध्ये दाखवू का मॅडम?’ मुलाने हळूच विचारलं. आता हळू बोलायला शिकला होता.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आजींनी कमरेची पिशवी सोडली. तिच्यातून सुतळीचे दोन तुकडे निघाले. एकाला दोन गाठी: एक टाचेची, एक अंगठ्याची. दुसरा तुकडा पंजाच्या घेराचा. ‘आमच्या मालकांचं माप हाय. गोठा सोडून येत न्हाईत ते.’ म्हणजे बाई नुसती एसी खायला आलेली नव्हती! नेम होता पायात न घालायचा. हातात घ्यायला देवीची ना नव्हती.

मुलाने सुतळी एका पुरुषी सँडलच्या तळव्यावर लावली. तपकिरी, रुंद, दोन वेलक्रोचे पट्टे. गाठी बरोबर बसल्या. मग आजी माझ्याकडे वळल्या.

‘तुझा बी आठच ना?’

मला पुढचं दिसलं, पण पळायला पायात काही नव्हतं.

‘जरा घालून चालून दाखव, बाय. मला नवमीपर्यंत घालता येत न्हाय. आन् माझा पाय चाराचा.’

एवढ्या लोकांत म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? मी घातले. आणि कुणाला सांगू नका, पण गेल्या कित्येक वर्षांत माझ्या पायांना असं सुख झालं नव्हतं. पाचही बोटं आपापल्या घरी. जोडव्याला अंगण. मी दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि जरुरीपेक्षा एक फेरी जास्तच मारली. चपलांच्या दुकानातला आरसा जमिनीलगत तिरका ठेवलेला असतो, त्यात फक्त घोट्याखालचं दिसतं. त्या आरशात सासवडचे एक शेतकरी उभे होते. स्वस्थ, समाधानी.

‘टाच उचलती का?’

‘नाही.’

‘पंजात दाबतंय?’

‘अजिबात नाही.’

‘बांधून द्या,’ आजी म्हणाल्या. किंमत होती ९९९. त्यांनी घासाघीस करून नऊशेला तोडले.

मी पट्टा सोडता सोडता, होईल तितक्या सहज आवाजात विचारलं, ‘यात अजून एक जोड असेल का?’ मुलाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान वर केली. ‘तोच आर्टिकल, जेन्ट्स आठ, अजून एक!’

आढ्यात खुडबुड झाली. ‘लास्ट पीस होता तो!’

खोक्यावर दोरी चढली. दुसरे होते, पण एक निऑन हिरव्या पट्ट्यांचं आणि दुसरं ‘वॉकिंग’ असं टाचेवर लिहिलेलं, आणि तेवढ्यात माझा स्वाभिमानही परत आला होता. तो नेहमी असाच येतो, सगळं झाल्यावर, माझ्या नवऱ्यासारखा. नवरा दारात उभा राहून विचारत होता, ‘झालं का? काहीच नाही घेतलंस?’

मी माझे भुगा झालेले सँडल पायात सरकवले. उजव्याचा तळवा जिभेसारखा लोंबत होता. आजींनी ते पाहिलं, सुतळीचा घेराचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘आता मापाचं काम झालं. बांध ह्येनी.’ मी दुकानाच्या पायरीवर बसून बांधला. दोन वेढे आणि वर निरगाठ. आजी खोकं काखेत मारून तापलेल्या रस्त्यावर अनवाणी उतरल्या आणि मंडईच्या दिशेने झपाझप चालायला लागल्या. मी मात्र लंगडत होते.

मागून दुकानातला आवाज ऐकू आला, वरचा.

‘ते लेडीज आठ गेलं का रे?’

‘गेलं, गेलं.’