‘स्टिकर वाचून ऐकणाऱ्या’चं उत्तर

मागच्या लेखाखाली ‘एक श्रोता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, जशीच्या तशी ठेवली आहे. उत्तर तिथल्या चौकटीत मावेना म्हणून इथे लिहितोय. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सत्तरच्या दशकातल्या जपानी प्रोग्रेसिव्ह आणि सायकेडेलिक रॉकच्या ज्या नव्या आवृत्त्या मिळतात, त्यांतल्या काही मूळ टेपवरून काढलेल्या नाहीत; जुन्या रेकॉर्डवर सुई ठेवून उतरवलेल्या आहेत. पैसे टाकण्याआधी सोर्स बघा, एवढंच मी म्हटलं होतं.

त्यावर श्रोतेमहाशय लिहितात: “टेपवरून घेतलं की सुईवरून, कुणाच्या कानाला कळत नाही. तुमच्यासारखे लोक स्टिकर वाचून संगीत ऐकतात आणि वर दुसऱ्यांना कमी लेखतात.” शिवाय चार मुद्दे आहेत. टेपच हरवली असेल तर रेकॉर्ड कंपनीने काय करायचं. ‘ले रालिझ देन्युदे’ हा जपानी बँड बूटलेगांमुळेच, म्हणजे परवानगीशिवाय काढलेल्या रेकॉर्डींमुळेच, जगाला कळला. पन्नास वर्षं उलटून गेली, आता कसले हक्क. आणि लेखात इंग्रजी शब्दांचा भडिमार आहे. शेवटी “मोठ्या मनाने घ्याल ही अपेक्षा”.

भडिमाराचं मान्य. ‘डेडवॅक्स’ हा शब्द मी न समजावता वापरला होता. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते तिला डेडवॅक्स म्हणतात. मॅट्रिक्स नंबर, म्हणजे ती बाजू कुठल्या कटिंगची हे सांगणारा क्रमांक, तिथे कोरलेला असतो, आणि कटिंग करणाऱ्याची सही असलीच तर तीही तिथेच सापडते. हा खुलासा लेखात असायला हवा होता, झालं.

आता ‘स्टिकर वाचून’. हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात की ठरवून, ते तुम्हालाच ठाऊक. आधी टोमणा मारायचा आणि मग मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायची, ही पद्धत मला जमत नाही. लेखात मी कुणाला कमी लेखलं ते वाक्य दाखवा. ‘सोर्स बघून घ्या’ याचा अर्थ ‘तुम्हाला कान नाहीत’ असा होत असेल, तर भाजीवाल्याकडे वांगी उलटून बघणाऱ्या प्रत्येकाने भाजीवाल्याचा अपमान केला म्हणायचा. आणि कानाचंच विचारताय तर सांगतो: लोकांच्या रेकॉर्डी डिजिटल करून देणं हा माझा धंदा आहे. नाट्यगीतांच्या ७८ च्या तबकड्यांपासून एलपीपर्यंत सगळं सुईखालून जातं. सुईतून आलेला आवाज ओळखायला मला स्टिकर लागत नाही. तुम्हालाही लागू नये, म्हणून कसा ओळखायचा ते सविस्तर लिहितो.

ताज महाल ट्रॅव्हलर्सची ‘ऑगस्ट १९७४’ घ्या. ताकेहिसा कोसुगींचा हा गट सत्तरीच्या सुरुवातीला रॉटरडॅमहून व्हॅनने निघून खरोखरच ताजमहालापर्यंत आला होता. नाव नुसतं शोभेचं नाही. दोन एलपी, चार बाजू, प्रत्येक बाजूवर एकच लांबलचक तुकडा. व्हायोलिन, मानवी आवाज, इलेक्ट्रॉनिक्स आणि सगळ्यावर इको. ताल जवळजवळ नाहीच. त्यामुळे लपायला जागा नसते. ३३⅓ च्या वेगाला तबकडी ३ मिनिटांत १०० फेऱ्या मारते, म्हणजे एक फेरी १.८ सेकंदांची. तबकडीवर आडवा ओरखडा असेल तर तो प्रत्येक फेरीत एकदा सुईखाली येतो आणि दर १.८ सेकंदांनी टक् होतं. डीक्लिकर सॉफ्टवेअर वरची टक् काढून टाकतं, पण तिच्या तळाशी असलेला बारीक धप्प पुष्कळदा उरतो. हेडफोन लावा, शांत जागा गाठा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. दहा धप्प १८ सेकंदांत बसले की विषय संपला. टेपला १.८ सेकंदांशी काही देणंघेणं नसतं. इकोमुळे संगीतातही काही गोष्टी ठरावीक अंतराने परत येतात, पण इको विरत जातो आणि ओरखडा विरत नाही. ही परीक्षा सीडीवर किंवा डाउनलोडवरच करा. नव्या एलपीवर केलीत तर तुमच्याच प्रतीवरचा ओरखडा मोजत बसाल.

गिटारचा कल्लोळ असलेल्या रेकॉर्डवर ही युक्ती चालत नाही. फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडची १९७१ ची ‘सातोरी’ घ्या. हिदेकी इशिमाची गिटार सगळी टकटक गिळून टाकते. तिथे बाजूचा शेवट तपासायचा. एलपीच्या बाहेरच्या कडेला ग्रूव्ह, म्हणजे सुई जिच्यातून चालते ती खाच, सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, आतल्या टोकाशी जेमतेम २१. म्हणजे १० किलोहर्ट्झची तीच लहर बाहेर जेवढी लांब असते त्याच्या निम्म्याहूनही कमी जागेत आत कोंबावी लागते. सुईचं टोक तिथे नीट पोहोचत नाही. झांजा मळकट होतात, गायकाचे ‘स’ थुंकल्यासारखे येतात. ‘सातोरी’चे पाच भाग, पहिले तीन पहिल्या बाजूला, एकूण २३ मिनिटांच्या आसपास. म्हणजे तिसऱ्या भागाचा शेवट अगदी आतल्या टोकाशी येतो. सीडीला असलं आतलं टोक नसतं, तिच्यावर तिसऱ्या भागाच्या शेवटी झांजा विझत जायचं काही कारण नाही. विझतात आणि चौथा भाग सुरू होताच पुन्हा लख्ख होतात, तर ती सीडी कुणाच्या तरी जुन्या एलपीवरून निघाली आहे. असल्या मालावरून पुन्हा एलपी कापली तर आतल्या टोकाचा मार दोनदा बसतो. एकदा जुन्या तबकडीचा आणि एकदा नव्या तबकडीचा. “कुणाच्या कानाला कळत नाही” म्हणता ना, हे तीन मिनिटं ऐका.

कानावर विश्वास नसेल तर ऑडॅसिटी हे आवाज तपासायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दोन गाण्यांमधली शांतता किंवा गाणं सुरू व्हायच्या आधीचे एक-दोन सेकंद निवडा, ‘ॲनालाइझ’मध्ये जाऊन ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा, साइझ १६३८४ ठेवा. ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये उंचवटा दिसला तर तो टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा सुईचा भाग) यांच्या अनुनादाचा असण्याची शक्यता मोठी. टेप मशीनला टोनआर्म नसतो. दुसरी खूण अशी की एक चॅनेल इन्व्हर्ट करून दोन्ही चॅनेल मोनोत मिसळायचे. मधोमध ठेवलेला बास आणि ड्रम निघून जातात. खाली घरघर तेवढी उरली तर ती तबकडीच्या वरखाली हलण्याची, कारण ग्रूव्हची उभी हालचाल दोन चॅनेलांमधल्या फरकातच नोंदली जाते. मात्र उलटा निष्कर्ष काढू नका. इंजिनिअरने २० हर्ट्झखालचं सगळं छाटलं असेल तर उंचवटा दिसणार नाही, पण म्हणून सोर्स टेप ठरत नाही. तसंच ५० हर्ट्झची गुणगुण दिसली म्हणून ‘युरोपात सुईवरून उतरवली’ असंही म्हणू नका. जपानच्या पूर्व भागात, टोकियोसकट, वीज ५० हर्ट्झची आणि ओसाकाकडे ६० ची. टोकियोच्या स्टुडिओतली मूळ गुणगुणही ५० चीच असते.

लांबी मोजणं सगळ्यात सोपं. टर्नटेबल १ टक्का जास्त वेगाने फिरत असेल तर २० मिनिटांचा तुकडा १२ सेकंदांनी आखूड होतो आणि सूर १७ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सहाव्या भागाएवढा, वर चढतो. फार आउट या गटाच्या १९७३ च्या ‘निहोनजिन’सारख्या रेकॉर्डवर, जिथे एका बाजूला एकच गाणं आहे, हा फरक उघडा पडतो. जपानी सीडीची वेळ आणि नव्या आवृत्तीची वेळ शेजारी मांडा. टेप मशीनही थोडंफार पुढेमागे होतं, म्हणून दोन-तीन सेकंदांवरून भांडू नका. पण पाऊण टक्का, एक टक्का फरक दिसला आणि वरच्या खुणाही जुळल्या, तर शंकेला जागा उरत नाही.

आणि स्टिकर? स्टिकरवर माझ्याइतका कमी विश्वास असलेला माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही. ‘१८० ग्रॅम’ने ग्रूव्ह बदलत नाही. तबकडी जाड होते, जरा सपाट राहते आणि टपालखर्च वाढतो. ‘रीमास्टर्ड’ तर सुईवरून उतरवून आवाज चढवलेल्या फाइललाही म्हणता येतं. ‘मूळ टेपवरून’ असं लिहिलेलं दिसलं की पहिला प्रश्न: कुठल्या? फार ईस्ट फॅमिली बँडचं उदाहरण घ्या. फार आउटमधूनच हा बँड निघाला, १९७५ मध्ये त्यांची ‘चिक्युकुदोसेत्सु’ आली. त्याच वर्षी आधीचीच सामग्री नव्याने सादर करणारी ‘निप्पोनजिन’ आली, आणि तिचं मिक्सिंग जर्मनीच्या क्लाउस शुल्त्से या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचं. आता यातली ‘मूळ’ टेप कुठली? शुल्त्सेने मिक्स केलेली की त्याच्याआधीची? दोन्ही खऱ्या, पण आवाज वेगळा. जॅकेटवर कुठली ते लिहिलेलं नसेल तर ‘मूळ’ या शब्दाला किंमत नाही.

त्याच बँडची १९७६ ची ‘पॅरलल वर्ल्ड’ इंग्लंडमध्ये, व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीच्या मॅनॉर स्टुडिओत शुल्त्सेच्याच देखरेखीखाली झाली. की-बोर्डवर पुढे किटारो म्हणून गाजलेला मासानोरी ताकाहाशी. शीर्षकगीत सुमारे ३० मिनिटांचं. एलपीच्या बाजूला १८-२० मिनिटं सुखाने बसतात. २२ च्या पुढे गेलं की ग्रूव्ह एकमेकींच्या अंगावर येऊ नयेत म्हणून कटिंगला आवाजाची पातळी आणि बास दोन्ही उतरवावे लागतात. ३० मिनिटांना तर फारच. पातळी खाली गेली की खरखर वर येते. दोन बाजूंवर तोडावं तर मधोमध उठून रेकॉर्ड उलटायची, आणि या संगीतात तसं उठणं म्हणजे रसभंग. म्हणून ही एक रेकॉर्ड तरी मी सीडीवर घ्या म्हणतो, एलपीवर नको. जपानी कागदी जॅकेटातली सीडी मिळाली तर छान. ओबी, म्हणजे जॅकेटभोवतीची ती कागदी पट्टी, नसली तरी काही बिघडत नाही. ओबीपायी दुप्पट पैसे मोजणारेही आहेत आणि त्यांच्यावर तुमचा शेरा खुशाल चिकटवा.

राहिलेले मुद्दे. टेप हरवली असेल तर चांगल्या प्रतीवरून उतरवणं हाच मार्ग, हे मीच लेखात लिहिलं होतं. तुम्ही तो परिच्छेद वाचला नाही हे उघड आहे. माझी मागणी एवढीच की तसं जॅकेटवर छापा. डीक्लिकर बेताने चालवा, झांजांचा पाण्यात बुडाल्यासारखा लगदा करू नका, आणि किंमत टेपवाल्या आवृत्तीची लावू नका.

रालिझबद्दल वाद नाही. १९९१ च्या तीन सीडींनंतर वर्षानुवर्षं मिळालं ते बहुतेक बूटलेगवरच मिळालं. पण बँडचा म्होरक्या ताकाशी मिझुतानी २०१९ मध्ये गेल्यावर त्या तीन सीडी अधिकृतपणे पुन्हा आल्या, बँडमध्ये एके काळी वाजवलेल्या माकोतो कुबोताने त्यांचं मास्टरिंग केलं, तेव्हा ‘’७७ लाइव्ह’मधला बास वेगळा ऐकू यायला लागला. बूटलेगांचे उपकार मानून झाले असतील तर आता ही ऐका.

हक्कांबाबत मात्र तुमची माहिती चूक आहे. जपानने ध्वनिमुद्रणांची मुदत ३० डिसेंबर २०१८ पासून ५० वरून ७० वर्षांवर नेली. तोवर मुदत संपलेल्या मुद्रणांना हे लागू नाही, पण ‘सातोरी’ची संपलेली नव्हती. तिचे हक्क जपानमध्ये २०४१ अखेरपर्यंत आहेत. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं. ‘पन्नास झाली, आता कुणाचंच’ हे या रेकॉर्डीच्या बाबतीत ना तिथे खरं, ना इथे.

तुमच्याकडे यांतली कुठलीही नवी आवृत्ती असेल तर डेडवॅक्सचा फोटो आणि पहिल्या बाजूच्या शेवटच्या मिनिटाचा ऑडॅसिटीतला आलेख प्रतिक्रियेत टाका. मी चूक ठरलो तरी तो छापेन. माझ्या स्वभावाची चिकित्सा टाकलीत तर ती मात्र या वेळी उडवेन.