नवा लॅपटॉप जुना कसा करावा

लॅपटॉप नवा घेतला की पहिल्या आठवड्यातच तो जुना करून घ्यावा. उशीर केला तर नव्याची सवय लागते आणि मग तक्रार करायला तोंड राहत नाही. कोल्हापुरात तर हे काम जास्तच निकडीचं. रंकाळ्यावर फिरताना कुणी विचारलं, "काय म्हणतोय नवा लॅपटॉप?" तर "बरा चाललाय" असलं मिळमिळीत उत्तर आपल्याला शोभत नाही. "अकरा काढून सात मारलं, आता बघ कसा पळतोय!" असं ठासून सांगता आलं पाहिजे.

अकरा म्हणजे लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज अकरा, सात म्हणजे विंडोज सात. ते २२ ऑक्टोबर २००९ ला बाजारात आलं आणि १४ जानेवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टनं सामान्य गिऱ्हाइकांसाठी त्याचे अपडेट बंद केले. त्यानंतर त्यात सापडलेलं प्रत्येक भोक उघडंच आहे. हवा खेळती राहते.

आधी कारण तयार ठेवा, कारण घरातली शहाणी पोरं विचारणारच. पहिलं कारण म्हणजे अकरामध्ये स्टार्टचं बटण डावीकडचं उचलून मधोमध आणलंय. ते सेटिंगमध्ये जाऊन, टास्कबारच्या अलाइनमेंटमध्ये 'लेफ्ट' निवडलं की गुमान डावीकडे जातं. पण ही माहिती कुणी द्यायला आलाच तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. दुसरं कारण, राइट क्लिक केल्यावर निम्मे पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'च्या पोटात दडवलेत. तिसरं कारण मात्र अस्सल आहे, त्याची चेष्टा मी करणार नाही. स्वतःच्या पैशानं घेतलेली वस्तू पहिल्यांदा सुरू करायला मायक्रोसॉफ्टचं खातं काढा म्हणतात, आणि वर त्याच वस्तूच्या स्टार्ट मेनूत आपल्याला शिफारशी दाखवतात. याचा राग येणार नाही तो माणूस कोल्हापूरचा नव्हे.

ते खातं बहुतेक घरांत भाच्याच्या ई-मेलवर निघालेलं असतं, कारण त्या वेळी तोच समोर बसलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

चौथं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे 'स्लो चालतोय'. इथं सांभाळून राहायचं. स्लो का चालतोय हे बघायला गेलात तर सगळा बेत फिसकटेल. टास्क मॅनेजरमधलं 'स्टार्टअप' चुकूनही उघडू नका. लॅपटॉप चालू झाल्याबरोबर कायकाय आपोआप उठून बसतं त्याची यादी तिथं असते. विकत घेतानाच आत बसून आलेला चाचणीचा अँटीव्हायरस, कंपनीची मदतनीस सॉफ्टवेअरं, कधीतरी एकदा वापरलेलं मीटिंगचं ॲप, सगळं एका क्लिकमध्ये बंद करता येतं. करू नका. रॅमही बघू नका. अकराला कमीत कमी ४ जीबी रॅम लागते असं कंपनीच सांगते, आणि ४ जीबीवर ते खरंच सुरू होतं. पळेल असं कुणी म्हटलेलं नाही. तिथं रॅमची एक पट्टी वाढवली, किंवा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर तोच लॅपटॉप त्याच अकरावर पळायला लागतो. मग सात कशासाठी टाकणार?

काही भित्रे लोक मधला मार्ग सुचवतील. ज्यांचा लॅपटॉप दहावरून अकरावर गेलाय, त्यांना सेटिंगमध्ये 'रिकव्हरी'त 'गो बॅक' असं बटण पहिले १० दिवस मिळतं. दाबलं की पुन्हा दहा येतं, फायली जागच्या जागी राहतात, पैसाही लागत नाही. ज्यात काही उडत नाही, बिघडत नाही आणि दुकानात बसून चहा मिळत नाही, ते काम आपल्याकडं कामात धरत नाहीत. शिवाय दहाचा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती गिऱ्हाइकांना सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष मिळायची सोय आहे, पण नाव नोंदवायला पुन्हा तेच खातं. एकूण दहावर थांबणं म्हणजे जोतिबाला निघून केर्लीतनं माघारी येणं. निघालोयच तर सातपर्यंत जाऊ.

आता माणूस गाठा. राजारामपुरीतल्या कुठल्याही गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात तो सापडेल. त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्याला किल्ल्या दोन आणि पेनड्राइव्ह पाच असतात. त्यातल्या सगळ्यात झिजलेल्याला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर मार्करनं '७ ऑल इन वन' लिहिलेलं असतं. तो तुमच्याकडं न बघता विचारेल, "डेटा काय हाय काय?"

तुम्ही म्हणायचं, "काय न्हाय रे, फोटोबिटो हायत."

"डी ड्राइव्हला हायत न्हवं? मग काय काळजी न्हाय. सी तेवढा उडतोय."

इथं मान हलवायची. आजकाल कितीतरी नव्या लॅपटॉपांत सी हाच एकुलता एक ड्राइव्ह असतो, ही चौकशी दोघांपैकी कुणीही करायची नाही.

पुढचा टप्पा बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी उठणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगचा. तो एफ-२ नाहीतर डिलीट ठोकत आत शिरेल आणि पहिल्यांदा 'सिक्युअर बूट' बंद करेल. या दोन शब्दांतला पहिला वाचून घाबरू नका. नंतर तो 'लेगसी', म्हणजे जुन्या पद्धतीनं सुरू व्हायचा पर्याय शोधेल. लॅपटॉप पुरेसा नवा असेल तर तो पर्यायच तिथं नसतो, आणि सातचं गाडं बहुधा त्यावाचून हलत नाही. अशा वेळी तो "हे मॉडेलच भंगार हाय" म्हणेल. तुम्ही दुजोरा द्या.

एवढ्यात तुम्हाला फोटोंची आठवण होईल आणि "जरा एकदा परत चालू कर, पोरीच्या लग्नाचं काढून घेतो" असं म्हणाल. लॅपटॉप चालू होईल तो निळ्या पडद्यावर, आणि ४८ आकडी किल्ली मागेल. सिक्युअर बूटला हात लागला की आतल्या डिस्कला चोरी झाल्याचा संशय येतो. खात्यानं लॉगिन केलं त्याच दिवशी डिस्कला कुलूप लागलेलं असतं. तुम्हाला कुणी विचारलेलं नसतं, आणि किल्ली त्या खात्यात जमा असते. भाचा सध्या बेंगळुरूला असेल. फोन लावा. तो उचलेपर्यंत "कुलूप लावलंय कुणी, आमच्याच घराला" हे वाक्य दुकानात जमलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवता येतं.

किल्ली मिळो न मिळो, गाडी पुढं काढायची. सात टाकताना पहिला पडदा येतो भाषा निवडण्याचा. तिथपर्यंत सगळं झकास. मग माऊस मरतो. टचपॅडही हलत नाही. आणि लगेच सूचना येते की सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, सापडत नाही, तो द्या. तुमच्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. ज्या पेनड्राइव्हवरून सात उठलंय तो पेनड्राइव्हच आता त्याला दिसत नाही, म्हणून ते सीडी मागतंय. सातच्या जन्माच्या वेळी यूएसबी ३ नुकतंच कागदावर आलं होतं, त्यामुळं त्याचा ड्रायव्हर त्याच्या पोतडीत नाही. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून, जुन्या यूएसबी २ चा वेगळा दरवाजाही चिपसेटमधून गेला. आपला माणूस मात्र खचत नाही. इंटरनेटवरच्या कुणा अनोळखी परोपकारी माणसानं हे सगळे ड्रायव्हर आत कोंबून तयार केलेलं सात त्याच्याकडं दुसऱ्या पेनड्राइव्हवर असतं. त्या परोपकारी माणसानं ड्रायव्हरांबरोबर आणखी काय कोंबलंय, हे विचारणं म्हणजे उपकाराची जाण नसणं.

मग डिस्कची यादी येते. आत १०० एमबी, १६ एमबी, कुठं एखादा जीबी अशी बारीकबारीक पार्टिशनं दिसतात. "ही कशाला जागा अडवून बसल्यात?" असं म्हणून ती सगळी डिलीट करायची. त्यातल्याच एकात लॅपटॉप पुन्हा होता तसा करायची सोय असते. ती गेली की मागं वळायचा मोह उरत नाही. पूर्वी मावळे गडावर चढले की दोर कापायचे, ते आपल्या रक्तात आहे.

शक्यतो ३२ बिट सात मागून घ्या. ते ४ जीबीच्या वर रॅम वापरत नाही. तुम्ही १६ जीबीचे पैसे मोजले असतील तर उरलेल्या १२ जीबीची झीज वाचते.

लायसन्सचं काय, असं कुणी सीए मित्र विचारेल. प्रो आवृत्तीसोबत जुन्या आवृत्तीवर जायचा हक्क मिळतो, होमसोबत मिळत नाही, आणि आपण होम घेतलेली असते कारण ती स्वस्त होती. उत्तर सोपं आहे, ॲक्टिव्हेटर, म्हणजे फुकटातल्या विंडोजला विकतचं भासवणारं सॉफ्टवेअर. तो चालवायच्या आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. चोर घरात घ्यायचा तर कुत्रा आधी बांधावाच लागतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं खंडणी मागणारं व्हायरस पसरलं तेव्हा दीडशे देशांतल्या दोन लाखांवर संगणकांच्या फायलींना कुलपं बसली. त्यात बहुतेक सातच होते. विशेष म्हणजे त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच निघालं होतं, लोकांनी ते लावलं नव्हतं. तुम्हाला तर लावायची कटकटच नाही. २०१७ पासून सातव्या पिढीच्या आणि त्यापुढच्या प्रोसेसरांवर मायक्रोसॉफ्टनं सातचे अपडेट तसेही अडवले होते.

एक खुलासा. शिरोलीच्या एमआयडीसीत एखाद्या जुन्या सीएनसी मशीनला सीरियल केबलनं प्रोग्रॅम पाठवायला एक्सपीचा डबा ठेवलेला असतो, किंवा छापखान्यातल्या कोपऱ्यात पेजमेकर आणि युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट सांभाळत बसलेला एखादा संगणक असतो. त्यांना हा लेख लागू नाही. तो डबा इंटरनेटला जोडलेला नसतो, त्याच्यावर कुणी बँकेचं खातं उघडत नाही, आणि नवं सॉफ्टवेअर घ्यायचं तर मशीनच बदलावं लागेल हा हिशोब मालकानं केलेला असतो. तिथं जुनं ठेवणं हा व्यवहार आहे. आपलं काम हौसेचं. त्यात हिशोब आणू नये.

सात सुरू झालं की पडद्यावरची अक्षरं बोटाएवढी दिसतील, कारण ग्राफिक्सचा ड्रायव्हर नाही. चष्मा विसरलात तरी चालेल, हा फायदाच. आवाज नाही, त्यामुळं घरात शांतता. वायफाय नाही, त्यावर यूएसबीचा वायफाय डोंगल विकत मिळतो. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर पिवळी उद्गारचिन्हं रांगेनं उभी असतील. ती कौतुकाची आहेत असं समजा. ब्राउझर टाकाल तो क्रोम १०९. सातसाठी क्रोम तिथंच थांबलंय, जानेवारी २०२३ ला. पण लॅपटॉप चालू कसा होतो बघा! आत काहीच नाही म्हटल्यावर चटकन चालू होतो. मित्रांना बोलवा, समोर चालू करून दाखवा, लगेच बंद करा. चालू ठेवला तर कुणीतरी व्हिडिओ लाव म्हणेल.

आणि कधी पोराच्या सीईटीचा फॉर्म भरायचा असेल, शेवटचा दिवस असेल, आणि ती साइट "ब्राउझर अपडेट करा" एवढंच म्हणत असेल, तर लॅपटॉपवर ओरडू नका, त्यानं तुम्ही सांगितलं तेच केलंय. गाडी काढा, महाद्वार रोडच्या बाजूला एखादं नेट कॅफे उघडं असेल तर बघा. तिथं स्टार्टचं बटण मधोमध असेल. त्यावर काही बोलायचं नाही, मागं रांग असते आणि साइट रात्री बाराला बंद होते.