'थेरं' या शब्दाविषयी, आणि न्हाणीघरातील स्पीकरविषयीही

महोदय,

वाड्यातील ध्वनियोजनेवरच्या माझ्या लेखाला आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल प्रथम आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की ओसरीतल्या कपाटात एक ॲम्प्लिफायर ठेवून तेथून ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर अशा चार ठिकाणी तारा ओढून स्पीकर कसे बसवले, याचा तो लेख होता. आपले म्हणणे असे, की मी तारेची जाडी चुकीची लिहिली, चार स्पीकर एका ॲम्प्लिफायरला जोडल्यास तो जळेल, न्हाणीघरात कागदी पडद्याचा स्पीकर टिकत नाही, आणि शेवटी, आपल्याच शब्दांत, "दोन हजारांच्या ब्लूटूथ डब्यात जे काम होते, त्यासाठी भिंती उकरण्याची थेरं खेड्यातच सुचू शकतात."

तारेची चूक मान्य आहे. 'दीड गेज' असे मी लिहिले, ते 'दीड चौरस मिलिमीटर' असे हवे होते. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, त्यामुळे दीड गेजची तार म्हणजे सात मिलिमीटरहून जाड सळईच झाली असती आणि ती माजघरातून ओढायला दोन बैल लागले असते. दुरुस्ती केली आहे. चूक दाखवून देणाऱ्याचे मी नेहमीच स्वागत करतो, हे माझे जुने वाचक जाणतात.

आता 'थेरं'. आणि 'खेड्यातच' मधला तो 'च'.

आपण या क्षेत्रात २२ वर्षे आहात असे लिहिले आहे. असाल. माझ्या वडिलांचे तालुक्याच्या गावी लाउडस्पीकरचे दुकान होते आणि १९८४ साली, सातवीत असताना, मी लग्नाच्या मांडवासाठी सायकलच्या कॅरिअरवर भोंगे बांधून आठ-आठ मैल नेलेले आहेत. कापसाच्या हंगामात लग्ने नसत, तेव्हा दुकानात बसून जळलेल्या युनिटची कॉइल बदलणे हेच काम. शंभर व्होल्ट लाइन (लांबच्या भोंग्यांपर्यंत आवाज जास्त व्होल्टवर नेण्याची पद्धत) म्हणजे काय, प्रत्येक भोंग्याला ट्रान्सफॉर्मर का लागतो, आणि भोंग्यांच्या वॅटची बेरीज ॲम्प्लिफायरच्या वॅटपुढे गेली की काय होते, हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवलेले नाही. तेव्हा खेड्यात काय सुचते आणि काय सुचत नाही, याचा निवाडा ज्यांनी मातीच्या भिंतीला कधी छिन्नी लावली नाही त्यांनी करू नये, एवढीच नम्र विनंती आहे. (भिंती मी उकरलेल्याही नाहीत. तारा छताच्या लाकडांलगत नळीतून नेल्या आहेत, आणि हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात होते.)

ब्लूटूथचा डबा मला ठाऊक नाही, असा आपला समज झालेला दिसतो. पुतण्याने आणलेला एक डबा आमच्याकडे होता. आमच्या भिंती पांढऱ्या मातीच्या आणि दोन-सव्वादोन फूट जाड आहेत, वर धाबे, म्हणजे मातीचे सपाट छत, आहे, आणि पावसाळ्यात त्या भिंती पाणी धरून बसतात. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, मोकळ्या जागेत त्यांचा साधारण पल्ला १० मीटरचा, आणि ओल्या मातीतून जाताना त्या फार क्षीण होतात. फोन ओसरीतल्या खाटेवर आणि डबा न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवला, की मध्ये अशा दोन भिंती येत. गाण्याची ओळ सुरू व्हावी, शब्द अर्ध्यावर तुटावा, आणि पुढे ऐकू यावा तो तिसऱ्या ओळीचा शेवट. श्रावणात तर नुसती उचकी लागल्यासारखा आवाज येई. पुढे तो डबा वाफेने निसरड्या झालेल्या कोनाड्यातून घसरून पाण्याच्या बकेटीत पडला. त्याच्या खोक्यावर आय.पी.एक्स.७ असे छापलेले होते, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालावा, आणि न्यायाने सांगायचे तर तो चाललाही. परंतु ती परीक्षा स्वच्छ पाण्याची असते. साबणाचे पाणी आणि रोजची वाफ यांची नसते. दोन महिन्यांत चार्जिंगचे तोंड गंजले आणि डबा मुका झाला.

बरे, एका डब्याने भागत नाही म्हणून चार आणावेत, तर साधा फोन एका वेळी एकाच डब्याला आवाज देतो. दोन-दोन जोडता येणारेही मिळतात, हे मला माहीत आहे. पण निरनिराळ्या बनावटीचे डबे एकच गाणे वाजवू लागले, की प्रत्येकाचा उशीर वेगळा असतो. कोणी १०० मिलिसेकंद मागे, कोणी २००. आपल्या कानाला साधारण ३०-४० मिलिसेकंदांपर्यंतचा फरक वेगळा जाणवत नाही, त्यापुढे तोच शब्द दोनदा ऐकू येऊ लागतो. तारेतून जाणारा आवाज चारही ठिकाणी एकाच क्षणी पोचतो. उरतो तो फक्त हवेतला प्रवास, जो मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंदांचा असतो. आमच्या अंगणाच्या मध्यावर उभे राहिले, तर ओसरी एका कानाला ५ मीटरवर आणि स्वयंपाकघर दुसऱ्या कानाला ७ मीटरवर पडते, म्हणजे फरक ६ मिलिसेकंदांचा. तुळशीजवळ उभे राहून ऐकल्यास आवाज घरभरातून एकसारखा येतो. आपल्या दोन हजारांत हे बसत असेल तर कृपया दुकानाचा पत्ता कळवावा.

पण खरे कारण याहून साधे आहे, आणि ते मी लेखात लिहिले नाही, कारण ते लिहावे लागेल असे वाटले नव्हते. माझी आई ७८ वर्षांची आहे. पहाटे पाचला पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर गंजभर (मोठे पातेलेभर) पाणी तापते आणि ती अंघोळीला जाते. तिला त्या वेळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने हवी असतात आणि पुढे दिवसभर आकाशवाणी नागपूर, ५८५ किलोहर्ट्झवर, मध्यम लहरींवर. ब्लूटूथच्या डब्याचा आवाज कोणाच्या तरी फोनमधून यावा लागतो. मी सकाळी वावरात गेलो की माझ्या खिशातून फोन जातो आणि फोनबरोबर घराचा आवाज जातो. फोन घरी ठेवला, तर कृषिकेंद्रवाल्याचा फोन आला की भजन थांबते आणि न्हाणीघरात घंटी वाजू लागते. तो डबा स्वतः चालू करायला सांगितला, तेव्हा आई म्हणाली, "माहे हात ओले हायेत, अन् तो बटन मले दिसत बी नाही." आता न्हाणीघराच्या दाराबाहेर, कोरड्या भिंतीवर, एक गोल बटण आहे. ते फिरवले की आवाज कमी-जास्त होतो. तिने एकदाही मला त्याबद्दल विचारलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने कोणत्याही यंत्राची याहून मोठी परीक्षा नाही. याला आपण थेरं म्हणता.

उरलेल्या मुद्द्यांवर फार बोलण्यासारखे नाही. ॲम्प्लिफायर जळण्याची भीती आपण घातलीत, परंतु चार स्पीकर एकाच जोडणीवर नाहीत. प्रत्येक चॅनलवर ८ ओहमचे (ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचे माप) दोन स्पीकर समांतर, म्हणजे ४ ओहम, आणि यंत्राची किमान मर्यादाही ४ ओहमचीच आहे. दोन्ही चॅनलला एकच मोनो आवाज दिला आहे, कारण भांडी घासणाऱ्या माणसाला डावे-उजवे नसते. आवाजाचे बटण एल-पॅड या प्रकारचे आहे, त्यामुळे आवाज कमी केला तरी ॲम्प्लिफायरला दिसणारे ओहम बदलत नाहीत. न्हाणीघर सर्वांत दूर, १६ मीटरवर. जाऊन-येऊन ३२ मीटर तारेचा रोध ०.४ ओहमच्या आत, म्हणजे स्पीकरच्या ८ ओहमच्या पाच टक्क्यांहून कमी. हे गणित आपल्याला २२ वर्षांत परिचयाचे झाले असेल.

सुरक्षेविषयी आपण काही विचारले नाहीत, तरी इतर वाचकांसाठी सांगतो, की न्हाणीघरात २३० व्होल्टची एकही तार नाही. स्पीकर पाण्याच्या विरुद्ध बाजूला, दारावर, आठ फुटांवर आहे, तेथे शंभर व्होल्ट लाइन जाणीवपूर्वक टाळली आहे, आणि २५ वॅटला ८ ओहमवर जेमतेम १४ व्होल्ट होतात. मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आर.सी.सी.बी., म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून त्यात चैत्रापासून आठवड्याला दोन घागरी पाणी ओततो. एप्रिल-मेमध्ये कूलर सुरू झाला की माजघरातला स्पीकर तसाही कोणाला ऐकू येत नाही, हा भाग वेगळा.

राहिला कागदी पडदा. न्हाणीघरातला पहिला स्पीकर भाद्रपदात बदलावा लागला आणि आता तेथे पॉलिप्रोपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पडद्याचा आहे. ही बाब इतकी किरकोळ होती, की लेखात तिचा उल्लेख करण्याची गरज मला भासली नाही, आणि आजही भासत नाही.

गेजची दुरुस्ती मी काल रात्रीच केली. आपल्या प्रतिक्रियेतील शेवटचे वाक्य मात्र मी जसेच्या तसे राहू दिले आहे. ते काढायचे की ठेवायचे, हे आपण ठरवावे.